काडीमोड आणि सोन्याची मोड

विवाह मोडल्यानंतर विवाहाच्या अलंकाराचे काय करावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. विकावा, आटवावा, परत करावा की पेटीत ठेवावा, एवढाच त्याचा आवाका आहे असा समज होतो. परंतु या प्रश्नाच्या मुळाशी चिन्हाचा विचार आहे. नाते संपले तरी त्याची खूण अंगावर उरते. आणि ती उतरविण्याची रीत भाषेने वा आचाराने सांगितलेली नसेल, तर तिचा भार एकट्या व्यक्तीवर पडतो. अशी रीत आपल्याकडे कोणत्या रूपाने होती व पुढे तिचे काय झाले, याचा काटोलच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

आरंभी एक प्रसिद्ध नाट्यप्रसंग घेऊ. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) या नाटकाच्या अखेरीस घर सोडून जाणारी नोरा पतीची अंगठी त्यास परत देते आणि आपली अंगठी त्याच्याकडून मागून घेते. दार लावल्याच्या आवाजाने हे नाटक जगभर गाजले. पण नात्याचा शेवट त्यापूर्वीच, या देवघेवीत झालेला असतो. खूण दोघांच्याही बोटांत होती, म्हणून ती दोघांनाही उतरवावी लागते. अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’ या रूपांतराने हे नाटक मराठी रंगभूमीस परिचित झाले. परंतु मराठी संसारात या प्रसंगाला जागा कोठे आहे? साखरपुड्याच्या अंगठ्या आता दोघांच्याही हातांत दिसतात, हे खरे. तथापि विवाहाची खूण म्हणून समाज जे ओळखतो ते मंगळसूत्र, खेडोपाडीचे डोरले वा काळी पोत, आणि पायांतील जोडवी ही स्त्रीच्याच अंगावर असतात. पुरुषाकडून नोराने परत मागावे असे येथे काहीच नाही.

भाषेचा व्यवहारही असाच एकांगी आहे. कुंकू संपले असे घरात म्हणत नाहीत, ते ‘वाढले’ म्हणतात. बांगडी वाढते, नारळ वाढवितात आणि मंगळसूत्र तुटले तरी ते ‘वाढले’ असेच सांगतात. अशुभाचा उच्चार टाळण्याची ही युक्ती सौभाग्य अबाधित असताना उपयोगी पडते. पतीच्या मृत्यूनंतर मात्र तोडणे, फोडणे, पुसणे ही क्रियापदे उघडपणे वापरली गेली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांसंबंधीच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो याच क्रियांच्या विरोधात होता. घटस्फोटितेचे मंगळसूत्र या दोन्ही शब्दसमूहांच्या बाहेर राहते. ते वाढत नाही आणि ते कोणी तोडीतही नाही. ती ते ‘काढून ठेवते’. आणि या साध्या क्रियापदामागे कोणताही विधी उभा नसतो.

येथे काटोलचा इतिहास उपयोगी पडतो. हे गाव १९५६ पर्यंत प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाड आणि पुढे मध्य प्रदेश या राज्यात होते. त्यामुळे बडोदे संस्थानाचा १९३१ चा अथवा मुंबई प्रांताचा १९४७ चा घटस्फोटाचा कायदा येथे लागू नव्हता. येथील हिंदू विवाहास कायद्याने विच्छेदाची सर्वसाधारण वाट मिळाली ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. ज्या जातींत रूढी होती त्यांच्यापाशी काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द व त्यांमागील आचार आधीपासूनच होते, आणि सदर कायद्याच्या २९ व्या कलमाने अशा रूढीस अभय दिले.

काडीमोड हा शब्द नीट वाचला पाहिजे. पंचांदेखत जी मोडावयाची ती काडी ना त्याची असते, ना तिची. तिला मोल नसते आणि मोडल्यावर ती पुन्हा सांधता येत नाही. विच्छेदाचे चिन्ह म्हणून समाजाने निर्मोल वस्तू निवडली, यात एक शहाणपण आहे. मोडण्याचा भार काडीने घेतला की दागिना केवळ दागिना उरतो व त्याचा हिशेब स्वतंत्रपणे करता येतो. तो हिशेब स्त्रीस न्याय देणाराच होई, असे मात्र कोणी समजू नये. पंच बहुधा पुरुषच असत. येथे स्तुती आहे ती चिन्हाच्या निवडीची, निवाड्याची नव्हे. आणि ज्या जातींत काडीमोडच नव्हती, तेथील ‘टाकलेली’ स्त्री सोडून गेलेल्या पतीचे मंगळसूत्र गळ्यात वागवीतच राहिली, हेही विसरता येत नाही.

आजच्या हुकूमनाम्यात काडी नाही. न्यायालय अलंकार कोणाचा, एवढे सांगते. विवाहप्रसंगी मिळालेल्या व उभयतांच्या समाईक वस्तूंची व्यवस्था २७ व्या कलमाखाली होते. स्त्रीधन हे सर्वस्वी स्त्रीचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. मालकी ठरली तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. परिणामी काटोलची स्त्री सराफाच्या पेढीवर जाते. तेथेही शब्द भेटतो तो ‘मोड’ हाच. सराफ कस पाहतो, घट धरतो, घडणावळ सोडून देतो आणि काळे मणी वेगळे करून निव्वळ सोने तोलतो. ज्या मण्यांमुळे तो दागिना मंगळसूत्र झाला होता, त्यांना तराजूत स्थान नाही. ते कागदाच्या पुडीत तिच्या हाती परत येतात.

पंचांदेखत मोडलेली काडी तेथेच पडून राही. मण्यांची पुडी मात्र घरी न्यावी लागते. या एका फरकात आपल्या कौटुंबिक कायद्याचा लाभ आणि त्याची उणीव ही दोन्ही दिसतात. त्याने स्त्रीला सोने दिले, हा लाभ लहान नव्हे. पण संपलेल्या नात्याचा सर्वांदेखत निरोप घेण्याची कृती त्याने दिली नाही. ‘घटस्फोट’ हा शब्द व्यवहारात रुळला. त्यातील घट मात्र कोणी फोडीत नाही. मराठी नाटककार व कथाकार यांनी या पुडीकडे लक्ष दिले, तर अंगठीच्या प्रसंगाचे अनुकरण न करता त्यांना आपल्या भूमीतील तितकाच समर्थ प्रसंग सापडेल, असे वाटते.