मानवमितीतील आलेखपट : उपयोग व मर्यादा

इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातील मानवमितीय मापनांवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५१ साली प्रसिद्ध केला. एकाच सामान्य नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती मुळात एक आहेत काय, हा कर्वे यांच्या संशोधनातील मूलभूत प्रश्न होता. असा प्रश्न हाताळताना संगणकामुळे सुलभ झालेल्या ‘स्कॅटर प्लॉट मॅट्रिक्स’ या साधनाचे, म्हणजेच आलेखपटाचे, मोल कितपत मानावे?

उंची, डोक्याची लांबी, रुंदी अशा मापांपैकी प्रत्येक दोहोंचा ठिपक्यांचा आलेख काढावयाचा आणि सर्व आलेख एका चौरस पटात मांडावयाचे, ही त्याची रचना होय. दहा मापांच्या ४५ जोड्या होतात व त्या सर्व एकदम नजरेसमोर येतात. गुणोत्तरांनी झाकलेले येथे उघडे होते. १९० मिलिमीटर लांब व १५२ रुंद डोके आणि १८० लांब व १४४ रुंद डोके, या दोहोंचा शिरोनिर्देशांक ८०च येतो. आलेखावर मात्र हे दोन ठिपके एकमेकांपासून दूर पडतात.

तथापि हे दर्शन फसवेही ठरू शकते. आर. ए. फिशर यांनी १९३६ साली अभ्यासलेल्या आयरिसच्या १५० फुलांत तीन जाती आहेत. सर्व फुले एकत्र घेतल्यास निदलाची लांबी व रुंदी यांचा सहसंबंध किंचित ऋण दिसतो. प्रत्येक जातीत स्वतंत्रपणे पाहिल्यास तो स्पष्टपणे धन आहे. मिश्र समूहाचा आलेख त्यातील एकाही गटाचे सत्य सांगत नाही.

मग मानवगटांना आरंभीच जातिनिहाय भिन्न चिन्हे द्यावीत काय? येथेच खरी अडचण आहे. जे सिद्ध करावयाचे, ते चिन्हांच्या रूपाने आधीच गृहीत धरले जाते आणि डोळा भेद शोधू लागतो. म्हणून चिन्हरहित व चिन्हांकित असे दोन्ही पट शेजारी ठेवून पाहणे अगत्याचे आहे. ठिपक्यांचे समूह परस्परांत मिसळलेले असतील, तर सरासरीतील अंतरावरून व्यक्तीची जात ठरविता येत नाही, हेही त्यातून कळते.

दुसरी मर्यादा जोडीपुरत्या दृष्टीची. प्रत्येक जोडीत एकमेकांवर पसरलेले दोन गट सर्व मापांचा एकत्र विचार करता वेगळे निघू शकतात. त्यासाठी मापांमधील सहसंबंध हिशेबात घेणारे, महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलेले अंतरच उपयोगी पडते.

सारांश, आलेखपट गणिताच्या आधी पाहावा. गणिताच्या जागी ठेवू नये. आणि गणितानंतरही विवाहसंबंध, भाषा व वस्ती यांची साक्ष काढल्यावाचून समाजाविषयी निर्णय देणे उतावीळपणाचेच होईल.