कापडासारखी, पण कापडी नव्हे

वेरूळला सहल नेताना शाळा मुलांना बजावतात : प्लॅस्टिकची पिशवी नको, कापडी आणा. सूचना योग्यच आहे. पण मुलांच्या हातात पुष्कळदा एक मऊ, रंगीत, कापडासारखी पिशवी दिसते. ती विणलेली नसते. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून बनवलेली असते. म्हणजे प्लॅस्टिकच! महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने तिच्यावरही बंदी घातली होती. २०२२ च्या अखेरीस मात्र एका चौरस मीटरचे वजन ६० ग्रॅम किंवा अधिक असल्यास तिला मोकळीक मिळाली.

ही सवलत आम्हांला पटत नाही. जाड पिशवी अधिक वेळा वापरता येते हे खरे. पण फेकल्यावर तीत प्लॅस्टिकही अधिक असते. उन्हाने तिचे तंतू ठिसूळ होतात, तुटून मातीत मिसळतात, कुजत मात्र नाहीत.

चहाच्या कागदी कपाला आतून बहुधा पॉलिथिनचा पातळ थर असतो. कप रात्रभर पाण्यात भिजवल्यास तो सोलून दाखवता येतो. ‘कंपोस्टेबल’ पिशवीची कसोटी तर सुमारे ५८ अंश सेल्सियसला, कित्येक आठवडे चालते. रस्त्याकडेच्या उकिरड्यात एवढी ऊब कोण राखणार?

सहलीआधी वर्गात एवढे करावे. पिशवीचा नखाएवढा तुकडा साबणाच्या पाण्यात चोळून, हवेचे बुडबुडे काढून बुडवावा. सुती कापड तळाशी जाते. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९, ते वर येते. त्यात खडूची भुकटी फार मिसळलेली असली तर फसगत होते, म्हणून चार-पाच पिशव्या तपासाव्यात.