लेनसाहेबांचे पुस्तक आणि इंदापूरची गढी

दिवाळीत अंगणोअंगणी मातीचे किल्ले उभे राहतात. वर सिंहासनावर महाराज बसतात, बुरुजावर मावळे, पायथ्याशी हळिवाची कोवळी हिरवळ. शत्रू कोण, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. ते त्यांना आधीच ठाऊक असते. कसे ठाऊक असते, हा प्रश्न मात्र मोठ्यांनी विचारण्याजोगा आहे. अमेरिकेतील मॅकॅलेस्टर कॉलेजचे प्राध्यापक जेम्स लेन यांनी तो विचारला आणि 2003 साली ऑक्सफर्डने ‘शिवाजी : हिंदू किंग इन इस्लामिक इंडिया’ हे त्यांचे लहानसे पुस्तक काढले. पुढे त्यावरून जो गदारोळ झाला तो सर्वांना आठवतो. पुस्तक मात्र फार थोड्यांनी वाचले.

लेन शिवचरित्र लिहीत नाहीत, शिवकथेचे चरित्र लिहितात. कवींद्र परमानंदाचे संस्कृत ‘शिवभारत’, जिंजीस लिहिलेली सभासदाची बखर, जोतीराव फुल्यांचा 1869 चा पोवाडा, न्यायमूर्ती रानडे, टिळकांचा उत्सव, अशा पायऱ्यांनी एका राजाचा राष्ट्रपुरुष कसा झाला, हे ते दाखवू पाहतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ‘हिंदू’ आणि ‘मुसलमान’ या आज सरळ वाटणाऱ्या दोन रेघा सतराव्या शतकात इतक्या सरळ नव्हत्या. नंतरच्या राष्ट्रवादाने त्या जाड केल्या. हे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. आणि ते तपासायला मिनेसोटापर्यंत जाण्याचे कारण नाही. इंदापूर-बारामतीचा रस्ता पुरे.

पुणे, सुपे आणि इंदापूर हे शहाजीराजांच्या जहागिरीचे परगणे. सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. इंदापुरात मालोजीराजांची गढी दाखवतात, आणि ते इथल्याच लढाईत पडले असे परंपरा सांगते. त्याच गावात चाँदशाहवलींचा दर्गा आहे. मालोजींना मुले झाली ती अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने, म्हणून एकाचे नाव शहाजी आणि दुसऱ्याचे शरीफजी ठेवले, ही कथा आपल्याच घरांतून चालत आली आहे. शरीफजी 1624 साली भातवडीच्या रणात पडले. महाराजांच्या सख्ख्या चुलत्याचे नाव पिरावरून पडलेले, आणि कुळाला त्याचा संकोच नाही! पिरांची आणि मशिदींची चालत आलेली व्यवस्था महाराजांनी चालू ठेवली, हे तर सभासदच लिहून ठेवतो. लेनसाहेबांची बाजू मांडायला यापेक्षा चांगला साक्षीदार कोणता?

परंतु हीच वाट पुढे बारामतीला जाते, आणि तेथे लेनसाहेब अडखळतात असे मला वाटते. बारामती मोरोपंतांची. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने तिथे आर्येत महाभारत रचले गेले, अष्टोत्तरशत रामायणे झाली. ज्याने पुराणिकाच्या तोंडून ही कविता ऐकली आहे त्याला पंडित कवीची रीत ठाऊक असते: राजा म्हटला की तो विष्णूचा अंश, शत्रू म्हटला की दैत्य, पृथ्वी म्हटली की भाराने वाकलेली. परमानंदाचा अफझलखान त्याच साच्यातून येतो. अशा ओळींतून कवीचे राजकारण काढायचे, तर आधी साचा वजा करावा लागतो. लेन ही वजाबाकी कधी करतात, कधी विसरतात. शिवाय साचा वजा केल्यावरही काही उरतेच. राज्याभिषेकासाठी काशीच्या गागाभट्टांना आणणारा राजा स्वतःला काय समजत होता, हा प्रश्न केवळ नंतरच्या राष्ट्रवाद्यांच्या माथी मारून सुटत नाही.

आता त्या एका वाक्याविषयी. जिजाबाईंबद्दलची एक कुचकट थट्टा लेन यांनी लोकांत चालते म्हणून नोंदवली. तिला कागद नाही, बखर नाही, सांगणाऱ्याचे नाव नाही. जो ग्रंथकार इतरांच्या दंतकथा पाखडायला बसला आहे त्याने ऐकीव कुजबूज सुपातून तशीच जाऊ द्यावी, हा पद्धतीचा दोष आहे. भावना दुखावण्याची गोष्ट त्यानंतरची. महाराष्ट्रातील काही इतिहासकारांनी प्रकाशकाकडे पत्राने पुस्तक मागे घेण्याची मागणी केली आणि प्रकाशकाने ते भारतात मागेही घेतले. माझ्या मते मागणी खोडून काढण्याची, किंवा खोडून दाखवण्याची असायला हवी होती.

पुढचे सारे लाजिरवाणे आहे. 22 डिसेंबर 2003 रोजी पुण्यात शिवसैनिकांनी संस्कृत पंडित श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळे फासले. प्रस्तावनेत त्यांचे आभार मानले होते, एवढाच त्यांचा अपराध. 5 जानेवारी 2004 ला संभाजी ब्रिगेडच्या जमावाने भांडारकर संस्थेत घुसून कपाटे फोडली, ग्रंथ आणि हस्तलिखिते विस्कटली. सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती 2007 साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

परदेशी विद्यापीठांतून या प्रकारावर लिहिताना पुष्कळांनी दोन्ही दिवसांवर ‘हिंदू राष्ट्रवाद’ ही एकच चिठ्ठी डकवली. पहिल्या दिवसाला ती चालेल. दुसऱ्या दिवसाचे काय? संभाजी ब्रिगेडचा राग हिंदुत्वाच्या बाजूने नव्हता. संस्थेतल्या ब्राह्मणांनीच परक्याच्या कानात ती कुजबूज सांगितली असणार, हा तिचा संशय होता. आणि गोब्राह्मणप्रतिपालक राजा या चित्राशी तिचे उघड वैर आहे. ते वैर फुल्यांच्या पोवाड्यापर्यंत मागे जाते. म्हणजे लेन ज्या चित्रावर टीका करतात, त्याच चित्रावर टीका करणाऱ्यांनी लेन यांच्या नावाने संस्था फोडली! महाराष्ट्रातले जातीचे हे भांडण ज्या चौकटीत मावत नाही, ती चौकट कितीही विद्वानांनी वापरली तरी अपुरीच. इथे राष्ट्रवादाचा टीकाकारही राष्ट्रवाद्याइतकाच एका रेघेत विचार करताना दिसतो.

एक गंमत राहिलीच. 2001 साली याच लेन यांनी बहुलकरांच्या साहाय्याने ‘शिवभारता’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले होते. त्यावर कुणी रस्त्यावर आले नाही. मराठी वाचकाला तर त्याचीही गरज नाही, स. म. दिवेकरांनी मूळ ग्रंथ मराठी भाषांतरासह 1927 सालीच छापून ठेवला आहे.