वैमानिक दलातील छायाचित्रे आणि चित्रओळीचे व्याकरण

छायाचित्र स्वतःच बोलते, त्याला शब्दांची जोड लागत नाही, असे एक मत रसिकांत रूढ आहे. हे मत तपासून पाहण्यास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आशियात आलेल्या विमानदलांतील सैनिकांची छायाचित्रे विशेष उपयोगी पडतात. ह्या सैनिकांपैकी काहींचा व्यवसायच छायाचित्रणाशी निगडित होता, आणि त्यांच्या हाताखालून दोन अगदी भिन्न प्रकारची चित्रे जात होती. पहिला प्रकार विमानातून घेतलेल्या टेहळणीच्या चित्रांचा. दुसरा, फुरसतीच्या वेळी स्वतःच्या हौसेखातर रस्त्यावर, बाजारात, खेड्यापाड्यांत टिपलेल्या चित्रांचा. दोहोंनाही शब्द जोडलेले असत. परंतु ते शब्द एका जातीचे नव्हते. त्या शब्दांतील भेद कोणता, आणि त्या भेदामुळे चित्रातील माणसाचे काय होते, हा ह्या विवेचनाचा विषय होय.

ह्या दृष्टीने ग्लेन हेन्स्ली ह्यांचा संग्रह लक्षणीय आहे. हेन्स्ली हे अमेरिकी सैन्याच्या विमानदलात छायाचित्र-तंत्रज्ञ होते व १९४४ साली कलकत्त्याच्या परिसरात त्यांचा मुक्काम होता. त्या काळात त्यांनी तेथील रस्ते, देवळे, वाहने आणि कामकरी माणसे ह्यांची जी चित्रे घेतली, ती पुढे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक अंकीय ग्रंथालयात अभ्यासकांसाठी खुली करण्यात आली. कलकत्ता त्या वेळी ब्रह्मदेशाच्या आघाडीचा मोठा तळ होता. ब्रिटिश विमानदलाची ६८१ व ६८४ क्रमांकांची पथके स्पिटफायर व मॉस्किटो विमानांतून, आणि अमेरिकी पथके लाइटनिंग विमानाच्या टेहळणीसाठी बदललेल्या रूपातून, शत्रूच्या ताब्यातील मुलखाची चित्रे घेऊन येत. ह्या विमानांवर तोफांच्या जागी कॅमेरे बसविलेले असत. वेग आणि उंची हेच त्यांचे संरक्षण.

टेहळणीच्या चित्राला जो मजकूर जोडला जाई त्याचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. पथकाचा व उड्डाणाचा क्रमांक, दिनांक, वेळ, विमानाची उंची, भिंगाचे केंद्रांतर आणि चित्राचा अनुक्रम ह्या गोष्टी फिल्मच्या कडेला नोंदविल्या जात. उंची आणि केंद्रांतर माहीत असले म्हणजे चित्राचे प्रमाण काढता येते. प्रमाण कळले म्हणजे पूल किती लांब, धावपट्टी किती रुंद हे मोजता येते. वेळ कळली म्हणजे सावलीच्या लांबीवरून इमारतीची उंची ठरविता येते. एकमेकांवर अंशतः पडणारी दोन चित्रे दोन भिंगांच्या उपकरणातून एकत्र पाहिली की जमिनीचा उंचसखलपणा उठून दिसतो. येथे प्रत्येक शब्दामागे आणि प्रत्येक आकड्यामागे उपयोग उभा आहे. मजकूर चुकला तर बाँब चुकीच्या ठिकाणी पडेल. म्हणून मजकूर अचूक. मात्र ह्या मजकुरात माणसाला जागा नाही. त्या उंचीवरून माणूस दिसतच नाही. दिसतात त्या त्याने केलेल्या वाटा, बांध आणि छपरे.

हा मुद्दा परिचित भूमीवर आणून पाहिला म्हणजे अधिक स्पष्ट होईल. वसई तालुक्यातील गिरीज हे गाव अशा चित्रात कसे दिसेल, ह्याची कल्पना करता येते. हिरा डोंगरी, म्हणजे वज्रगडाची टेकडी, सावलीमुळे प्रथम ओळखू येईल. तिच्या सभोवती वाड्यांची गर्द झाडी, मधूनमधून घरांची छपरे, आणि स्थिर पाण्याचे लहानलहान काळसर ठिपके. चित्रवाचनाचे शिक्षण घेतलेला परदेशी तंत्रज्ञ ह्या ठिपक्यांना ‘तळी’ म्हणून मोकळा होईल, आणि त्याच्या कामापुरते ते बरोबरही असेल. परंतु गिरीजचा रहिवासी त्यांना ‘बावखल’ म्हणेल. बावखल म्हणजे नुसते तळे नव्हे आणि विहीरही नव्हे. वाडीच्या शिंपणासाठी खणलेला, पावसाचे पाणी साठविणारा, आसपासच्या विहिरींना ओलावा पुरविणारा आणि एके काळी रहाटाने उपसला जाणारा असा तो जलाशय आहे. त्या एका शब्दात मालकी, श्रम, पीक आणि ऋतू ह्यांचा संबंध गोठलेला आहे. सामवेदी आणि वाडवळी बोलींच्या ह्या पट्ट्यात अनेक बावखले गेल्या काही दशकांत भराव घालून बुजविली गेली. ठिपका पुसला गेला, हे वरून काढलेले चित्र सांगू शकेल. काय पुसले गेले, हे मात्र शब्दच सांगू शकेल. चित्र अचूक असूनही त्याचे नाव अपुरे असू शकते, हा ह्यातून निघणारा पहिला निष्कर्ष.

आता दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे जमिनीवरून घेतलेल्या चित्रांकडे वळू. येथे परिस्थिती नेमकी उलटी होते. कॅमेऱ्यासमोर माणूस स्पष्ट उभा असतो. त्याच्या कपाळावरची आठी, हाताच्या शिरा, अंगावरील वस्त्राचे विणकाम मोजता येईल इतके जवळ. परंतु चित्राखालची ओळ बहुधा त्याचा व्यवसाय तेवढा सांगते: हमाल, न्हावी, रिक्षावाला, फेरीवाला. क्लाइड वॉडेल ह्या अमेरिकी लष्करी छायाचित्रकाराचा कलकत्त्याच्या साठ चित्रांचा संग्रह ह्याच काळातील असून तो फार प्रसिद्ध आहे. वॉडेल मूळचे वृत्तपत्रीय छायाचित्रकार. लॉर्ड माउंटबॅटन ह्यांच्या आग्नेय आशिया कमांडच्या प्रसिद्धिविभागात ते काम करीत. चित्राची मांडणी, प्रकाशाची जाण आणि क्षण पकडण्याची हातोटी ह्या बाबतींत वॉडेल हेन्स्लींपेक्षा निश्चितच सरस ठरतात. परंतु त्यांच्या चित्रओळी घरी परतणाऱ्या सैनिकाशी बोलतात. त्यांत विनोद आहे, नवल आहे, क्वचित कणवही आहे. संवाद मात्र सैनिका-सैनिकांतला आहे. चित्रातील माणूस त्या संवादाचा विषय आहे, त्यातील सहभागी नव्हे. हेन्स्लींच्या चित्रांत कारागिरी कमी आणि कुतूहल अधिक आहे. काम कसे चालते हे पाहण्याचा तंत्रज्ञाचा स्वभाव त्यांत दिसतो, आणि म्हणूनच माणसाच्या श्रमाला त्यांत अधिक न्याय मिळतो. तरीही नाव विचारण्याच्या उंबरठ्यावर हेन्स्लीही बहुधा थांबतात.

ह्याचा सर्व दोष छायाचित्रकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. भाषेचा अडसर होता. मुक्काम अल्पकाळाचा होता. शिवाय लष्करी तपासणी होती. सैनिकाने घरी पाठविलेल्या पत्रात आपल्या तळाचे नाव लिहिण्यास मनाई असे, आणि ‘भारतात कोठेतरी’ एवढ्यावरच भागवावे लागे. ह्यातून एक विलक्षण विसंगती निर्माण झाली. ज्या चित्रावर स्थळकाळाची काटेकोर नोंद होती ते गुप्त राहिले. जे चित्र आप्तेष्टांना दाखविता येत होते त्यावर स्थळाचे नावही घालण्याची मुभा नव्हती. नेमकेपणा शस्त्रागारात गेला, आणि ढोबळपणा कुटुंबाच्या संग्रहात.

परंतु माणसाला नावाऐवजी वर्गाने ओळखण्याची ही रीत युद्धाने जन्माला घातलेली नाही. तिची एक जुनी वाट मुंबईतूनच जाते. विल्यम जॉन्सन ह्या मुंबईतील सरकारी नोकराने मुंबईच्या जातिजमातींच्या छायाचित्रांचा संग्रह १८६३ व १८६६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यात माणसांची चित्रे वेगळी घेऊन ती स्थळांच्या निराळ्या पार्श्वभूमीवर जोडलेली आहेत. माणूस एकीकडचा, देखावा दुसरीकडचा, आणि खाली नाव जातीचे. विशेषनाम गाळून सामान्यनाम ठेवले की माणूस उचलून कोणत्याही पार्श्वभूमीवर ठेवता येतो, हे ह्या संग्रहाच्या रचनेतच प्रत्यक्ष झाले आहे. ऐंशी वर्षांनंतरच्या सैनिकाने कात्री वापरली नाही; पण त्याच्या चित्रओळीने तेच काम शब्दांनी केले.

ह्याच काळातील एक प्रतिउदाहरण तुलनेसाठी घेता येईल. सुनील जाना ह्यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची जी छायाचित्रे घेतली, ती मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ ह्या कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. त्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली असे सामान्यतः मानले जाते. जाना ह्यांच्या चित्रांतील माणसेही बहुतांशी अनामिकच आहेत. परंतु त्या चित्रांना पूरनचंद जोशी ह्यांच्या वृत्तान्ताची जोड होती, आणि भूक कोणत्या कारणाने आली हा प्रश्न चित्रालगतच्या शब्दांत होता. एका वर्षाच्या अंतराने त्याच प्रांतात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या हेन्स्लींच्या चित्रांत उपासमार पार्श्वभूमीला जाते, ह्याचे कारण केवळ काळ बदलला हे नव्हे. चित्राभोवतीचे वाक्य बदलले हेही आहे.

रोलाँ बार्थ ह्या फ्रेंच समीक्षकाने १९६४ मध्ये असे प्रतिपादन केले, की चित्राचे अनेक संभाव्य अर्थ शब्द एका जागी खिळवून ठेवतात, नांगर टाकून जहाज थांबवावे तसे. हे मत ग्राह्य आहे. परंतु त्यात एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे. नांगर प्रत्येक भाषेत एकाच वजनाचा नसतो. इंग्रजीत ‘हमाल उभा आहे’ आणि ‘हमाल उभे आहेत’ हा आदराचा भेद क्रियापदात दाखविता येत नाही. मराठीत तो टाळता येत नाही. ह्या संग्रहांतील चित्रओळी मराठीत आणू लागताच अनुवादकाला प्रत्येक चित्रापाशी निर्णय करावा लागतो: हा माणूस एकवचनी की आदरार्थी बहुवचनी? प्रस्तुत विवेचनात हेन्स्ली, वॉडेल आणि जाना ह्यांना आदरार्थी बहुवचन सहज मिळाले आहे. ते त्यांच्या चित्रांतील हमालाला मिळालेले नाही. मराठी नियतकालिकांच्या चित्रओळी चाळल्या तर ‘मंत्री उद्घाटन करताना’ ह्या ओळीत मंत्र्याचे नाव आढळते, आणि ‘शेतात राबणारी स्त्री’ ह्या ओळीत त्या स्त्रीचे नाव आढळत नाही. तेव्हा परक्या सैनिकावर ठेवलेला आरोप घरच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो. इंग्रजीने जे झाकून ठेवले ते मराठीचे व्याकरण उघड करते. म्हणून अशा संग्रहांचा मराठी अनुवाद ही स्वतःच एक समीक्षा ठरते.

येथे एक आक्षेप संभवतो. समाजाच्या अभ्यासकाला वस्त्र, हत्यार, वाहन, कामाची पद्धत हीच माहिती हवी असते. व्यक्तीचे नाव कळल्याने त्याच्या ज्ञानात कोणती भर पडणार? हा आक्षेप वरवर पाहता बळकट आहे. परंतु नाव म्हणजे केवळ ओळखपत्र नव्हे. नावाबरोबर गाव येते, गावाबरोबर बोली येते, आणि बोलीबरोबर वस्तूंची खरी नावे येतात. हमालाचे नाव विचारणाऱ्याला त्याच्या डोक्यावरील चुंबळीचे नावही कळण्याची शक्यता असते. न विचारणाऱ्याला दोन्ही कळत नाहीत. व्यक्तिनामाकडे केलेले दुर्लक्ष अखेर वस्तुज्ञानालाच बाधक ठरते.

ह्या प्रश्नाला आज एक तातडीही आली आहे. असे संग्रह आता यंत्राच्या साहाय्याने शोधले जातात, आणि शोध अजूनही मुख्यतः शब्दांवरूनच लागतो. ज्या ओळीत ‘तळे’ लिहिले आहे ती ‘बावखल’ शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. जिच्यात केवळ ‘स्त्री’ आहे ती त्या स्त्रीच्या नातवंडांना कधीच सापडत नाही. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या चेहऱ्यांना ओळखणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. बंगालमधील चित्रांच्या बाबतीत ते काम तेथील अभ्यासकांचे आहे. परंतु गिरीजसारख्या गावांत घरोघरी जी जुनी छायाचित्रे असतील, त्यांची चित्रओळ लिहिण्याचे काम मराठी विभागांतील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. चित्र घरातील वडीलधाऱ्यांसमोर ठेवावे. माणसांची, वस्त्रांची, झाडांची, पाणवठ्यांची नावे त्यांच्याच बोलीत, त्यांच्या संमतीने टिपून घ्यावीत. आणि टेहळणीच्या चित्रावर असे त्या काटेकोरपणाने स्थळ व दिनांक नोंदवावेत. विमानदलाच्या तंत्रज्ञाने शत्रूच्या पुलासाठी जो नेमकेपणा पाळला, तेवढा तरी नेमकेपणा आपल्या माणसांसाठी पाळणे हे भाषेच्या अभ्यासकाचे किमान कर्तव्य होय.