‘अधांतर’मधला न दिसणारा मालक

जाम चौकात उभं राहिलं की तीन रस्ते दिसतात. एक नागपूरला, एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे आणि एक वरोऱ्यावरून चंद्रपूरला. गावातली पोरं यातल्याच एखाद्या रस्त्यानं कामाला जातात. माझे वडील लांब गेले नाहीत. जवळच्याच एका सूतगिरणीत त्यांनी बावीस वर्षं काढली. मी मात्र पुण्याला गेलो, एका मोठ्या आयटी कंपनीत सहा वर्षं राहिलो. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी अकरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला आणि नोकरी संपली. कॉलवरच्या बाईंना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. त्या चांगल्या वागल्या. तीनदा ‘समजू शकते’ म्हणाल्या.

घरी आल्यावर वडिलांनी एकच विचारलं, “तुह्यं काही चुकलं का रे, बाबू?”

त्या आठवड्यात मी जयंत पवारांचं ‘अधांतर’ पुन्हा वाचलं. कॉलेजात वाचलं तेव्हा ते मला गिरणी संपाचं नाटक वाटलं होतं. त्याची ओळखही बहुतेक तशीच करून दिली जाते. आता ती ओळख अपुरी वाटते.

मुंबईतला संप १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. नाटक आलं १९९७ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. त्यात दिसते ती चाळीतली धुरी कुटुंबाची खोली. लेखक व्हायचं म्हणणारा बाबा, क्रिकेटमध्ये बुडालेला मोहन, भाईगिरीत शिरलेला नरू, मंजू आणि या सगळ्यांना पोसत, शिव्या देत, सांभाळत बसलेली आई. गिरणी बाहेर आहे. तिचा मालक तर रंगमंचावर येतच नाही.

मला वाटतं, नाटकाची खरी ताकद या न येण्यात आहे. धुरींच्या घरात भांडण सतत चालू असतं आणि दरवेळी ते कुणाच्या तरी स्वभावावर येऊन थांबतं. कोण आळशी, कोण वाया गेलेला, कोणी घराचं नाव घालवलं. ज्याला जाब विचारायचा तो खोलीतच नाही, म्हणून हे लोक एकमेकांना विचारतात. गिरणीची नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता. भोंग्यावर चालणारा दिवस, दिवाळीचा बोनस, पोराला आत चिकटवता येईल ही आशा, सगळं तिच्यावर टेकलेलं होतं. ती गेली आणि घरात कोण कुणाचं काय लागतं, हेच सैल झालं. माझ्या वडिलांचा प्रश्न याच खोलीतला आहे.

महेश मांजरेकरांनी २०१० साली या नाटकावरून ‘लालबाग परळ’ केला. चित्रपटात मालक दिसतो, जमिनीचा व्यवहार दिसतो, टोळ्या तर भरपूरच दिसतात. राग यायला चेहरा मिळतो, प्रेक्षक तो राग थिएटरातच संपवून बाहेर पडतो. आता कामावरून काढणारा माणूसही फक्त निरोप्या असतो. म्हणून आज मला चित्रपटापेक्षा जुनं नाटकच जास्त ताजं वाटतं.

पण जुन्या दिवसांचे गोडवे गाताना जपून. गिरणीत ‘परमनंट’ सगळेच नव्हते. रोज सकाळी गेटवर उभं राहून आज काम मिळेल का पाहणारे बदली कामगार तेव्हाही होते. सुरक्षितता होती, पण ती वाटून दिलेली होती.

तरी काहीतरी होतं. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. कायद्याची सक्ती नसताना तिथे १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड आणि १८९५ साली अपघात भरपाई आली. पुढे मिल सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ साली बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. याच टाटा घराण्याच्या टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं, की सुमारे १२ हजार लोक, म्हणजे दोन टक्के, कमी करणार. मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. ‘टाटात लागला’ हे ज्या घरांमध्ये लग्न जमवायला पुरेसं होतं, तिथे ही बातमी कशी वाचली गेली असेल?

मग आमच्या पिढीला ‘निष्ठा नाही, दोन वर्षांत उडी मारतात’ असं कोणी म्हटलं की मला आईच्या त्या खोलीची आठवण होते. निष्ठा हा स्वभाव नसतो, तो व्यवहार असतो. एका बाजूनं तो मोडला की दुसऱ्या बाजूला उरते ती फक्त सवय.

व्हिडिओ कॉलनं संपलेल्या नोकरीचं मराठी नाटक मला अजून भेटलेलं नाही. लिहिणाऱ्यानं एचआरला व्हिलन करू नये, एवढंच मागणं. कॉल संपल्यानंतरचं घर दाखवावं.

वडिलांना मी सांगितलं, माझं काही चुकलं नाही. त्यांनी मान हलवली. पटलं का, ते कळलं नाही. पुस्तक मी त्यांच्या उशाशी ठेवलंय.