‘आन्दान्ते’ म्हणजे किती?

गेल्या दिवाळीला माझी नात पुण्याहून बडनेऱ्याला आली ती व्हायोलिन घेऊन. फराळाचे ताट तसेच ठेवून तिने विचारले, “आबा, ‘आन्दान्ते’ म्हणजे शहात्तरच ना?” मी पेटीवर बोटे झिजवलेला माणूस, मला वाटले, ही कुणाचे वय विचारते आहे. मग कळले, मोबाइलमधला मेट्रोनोम मिनिटाला ७६ ठोके देतो आणि पोर त्यामागे धावते आहे. एकही ठोका चुकत नव्हता, आणि ऐकवतही नव्हते.

वास्तविक हे इटालियन शब्द मुळात आकड्यांचे नव्हेतच. ‘आन्दान्ते’ म्हणजे चालता चालता, ‘आल्लेग्रो’ म्हणजे आनंदी, ‘लार्गो’ म्हणजे ऐसपैस, आणि ‘आदाज्यो’ म्हणजे आपले ‘दमानं’! १८१५ साली मेल्त्सेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले आणि आकडा शिरला. बेथोव्हेनला हे यंत्र आवडले. १८१७ मध्ये त्याने आपल्या सिंफन्यांना आकडेही लावून दिले. (त्यांतले काही इतके जलद, की वादक अजून त्यांवरून भांडतात.) परंतु त्याच वर्षी मोझेल नावाच्या गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की आल्लेग्रो म्हणजे आनंदी, पण ते नाव मिरवणारे संगीत कितीदा अगदी उलट भावाचे असते! असले ठोकळ शब्द टाकून द्यावेत. रचनेची वृत्ती सांगणारे शब्द मात्र त्याला सोडवत नाहीत. गती हा देह आणि वृत्ती हा प्राण, असा त्याचा आशय.

आपले शब्द निराळ्या वाटेने गेले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त लय म्हणजे वेग असे म्हटलेलेच नाही. एका क्रियेनंतरची, टाळीनंतरची म्हणा, विश्रांती ती लय. द्रुताच्या दुप्पट विसावा मध्यात, मध्याच्या दुप्पट विलंबितात. म्हणजे मोजायची ती दोन टाळ्यांमधली जागा, आणि ती केवढी हे गाणाऱ्याच्या दमावर. ग्वाल्हेरचे विलंबित आणि अमीरखाँसाहेबांचे झुमऱ्यातले अतिविलंबित, दोन्ही नुसते ‘विलंबित’ म्हणून नोंदवणे म्हणजे दहा मिनिटांनी आणि चार तासांनी येणाऱ्या गाड्यांना सारखेच ‘लेट’ म्हणणे. फरक काय, ते बडनेरा स्टेशनवर वळकटीवर बसलेल्या माणसाला विचारा.

माझी तक्रार आम्हा लिहिणाऱ्यांबद्दल आहे. विलंबितात राग उलगडला, द्रुतात मैफल रंगली, एवढे लिहून आम्ही मोकळे. ती जागा गायकाने कशाने भरली, यावर अक्षर नाही. विलंबित शोकाचे की शांतीचे, हे आपल्या नावावरून कळत नाही, ही उणीवच आहे. तेवढ्यापुरती इटालियनांकडून उसनवारी केली तर काही बिघडत नाही. आपण नेमका त्यांचा आकडा तेवढा घेतला.

नातीला मी मोबाइल बंद करायला लावले आणि चीज मनात म्हणत अंगणात फेऱ्या घालायला सांगितले. पाचव्या फेरीनंतर ती आत येऊन वाजवू लागली. मिनिटाला किती ठोके पडले, मोजले नाहीत. तिची आजी मात्र करंजीचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.