अ‍ॅप्टामर आणि रोगनिदान : ‘रासायनिक प्रतिपिंड’ या दाव्याची चिकित्सा

१९९० साली अमेरिकेत क्रेग ट्युर्क व लॅरी गोल्ड यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे अँड्र्यू एलिंग्टन व जॅक शोस्टाक यांनी, एकच कल्पना प्रयोगाने सिद्ध केली. केंद्रकाम्लाच्या यादृच्छिक क्रमांचा प्रचंड संग्रह लक्ष्य रेणूच्या सान्निध्यात ठेवावयाचा, न चिकटलेले क्रम धुऊन टाकावयाचे, उरलेल्यांच्या प्रती वाढवावयाच्या आणि हीच क्रिया पुनःपुन्हा करावयाची. एकावर चौदा शून्ये इतक्या रेणूंच्या गर्दीतून अखेरीस मोजके क्रम शिल्लक राहतात. एलिंग्टन व शोस्टाक यांनी त्यांना ‘अ‍ॅप्टामर’ हे नाव दिले. त्यातील पूर्वपद ‘नेमके बसणारे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे.

या रेणूंचा परिचय ‘रासायनिक प्रतिपिंडे’ असा करून देण्याची पुढे प्रथाच पडली. त्यांच्या निर्मितीसाठी प्राणी लागत नाही, संश्लेषण रासायनिक पद्धतीने होते, उष्णतेने उलगडलेली रेणूची घडी थंड केल्यावर बहुधा पूर्ववत होते. हे सारे खरे आहे. परंतु हे गुण उत्पादनाचे आहेत, निदानाचे नव्हेत. रुग्णाच्या रक्तात केंद्रकाम्ल तोडणारी विकरे असतात, आणि ऋणभारित अ‍ॅप्टामरला नको तेथे धरून ठेवणारी धनभारित प्रथिनेही असतात. स्वच्छ उभयप्रतिरोधी द्रावणात मोजलेली बंधनक्षमता तेथे जशीच्या तशी टिकेल, असे गृहीत धरता येत नाही.

या क्षेत्रातील संशोधनाची एक सवय येथे नोंदवावयास हवी. थ्रॉम्बिनला चिकटणारा अवघ्या १५ घटकांचा डीएनए क्रम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या बाजूला बसणारा २९ घटकांचा क्रमही पुढे मिळाला. तेव्हापासून नवा संवेदक बांधला की तो थ्रॉम्बिनवर चालवून दाखविण्याचा प्रघात रूढ झाला. वस्तुतः निरोगी रक्तात थ्रॉम्बिन मुख्यत्वे प्रोथ्रॉम्बिन या निष्क्रिय रूपात असते. संवेदकाची शोधसीमा कितीही खाली गेली, तरी त्यामुळे कोणत्या रुग्णाचे निदान सुकर झाले, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

याहून गंभीर उदाहरण आर्सेनिकचे आहे. व्हिएतनामच्या भूजलातील आर्सेनिक काढण्यासाठी २००९ मध्ये एक अ‍ॅप्टामर प्रसिद्ध झाला आणि त्यावर अनेक संवेदक उभे राहिले. २०१९ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील ज्युवेन लिऊ यांच्या गटाने काटेकोर तपासणी केली, तेव्हा तो क्रम आर्सेनिकला मुळी चिकटतच नसल्याचे आढळले. आर्सेनिक स्वतःच सुवर्णकणांच्या पृष्ठभागावर बसत होते, आणि त्यातून घडणारा रंगबदल बंधनाचा पुरावा मानला जात होता. हे उदाहरण रोगनिदानाचे नसले, तरी धडा तोच आहे. त्याच घटकांची उलटसुलट मांडणी असलेला क्रम नियंत्रण म्हणून वापरला असता, तर ही शंका फार पूर्वी आली असती. समीक्षकांनी (यात महाविद्यालयीन नियतकालिकांचे समीक्षकही आले) निदान एवढा प्रयोग मागावयास हवा होता.

मग अ‍ॅप्टामर निरुपयोगी ठरतात काय? तसे नाही. क्षयरोगाच्या संदर्भात त्यांचे मोल स्पष्ट दिसते. रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या व्यापारी क्षयचाचण्या बेभरवशाच्या ठरल्याने २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्याविरुद्ध स्पष्ट शिफारस केली, आणि २०१२ मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली. तोवर चुकीच्या अहवालांचा भार रुग्णांनीच सोसला होता. प्रतिपिंडांऐवजी जंतूचे प्रथिनच शोधणे हा त्यावरील तर्कशुद्ध पर्याय. फरीदाबाद येथील ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट व दिल्लीचे एम्स यांच्याशी संबंधित संशोधकांनी क्षयजंतूच्या एचएसपीएक्स या प्रथिनाविरुद्ध डीएनए अ‍ॅप्टामर तयार करून ते थेट रुग्णांच्या मस्तिष्कमेरुद्रवावर तपासले. २०१८ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. थ्रॉम्बिनच्या शंभर संवेदकांपेक्षा या दिशेचे महत्त्व अधिक आहे, कारण येथे आरंभच रुग्णापासून झाला.

अर्थात येथेही अडचण आहेच. क्षयजन्य मेंदूज्वरात द्रवातील जंतू अत्यल्प असतात, संवर्धनास कित्येक आठवडे लागतात आणि तरीही अनेक रुग्ण निसटतात. जी कसोटी स्वतःच अपुरी, तिच्याशी नव्या चाचणीची तुलना केल्यास खरा रुग्णही ‘खोटा होकार’ म्हणून नोंदला जाऊ शकतो. म्हणून अशा अभ्यासात रुग्ण कोणत्या निकषांवर ठरविले आणि तुलनेसाठी इतर मेंदूज्वरांचे किती रुग्ण घेतले, हे वाचकाने संवेदनशीलतेच्या आकड्याआधी पाहावे.